पोस्टकार्डावरचं इंटरनेट

दारात उभा राहून तो आधी शर्टाच्या खिशातून पोस्टकार्ड काढायचा, हात लांब करून धरायचा आणि तक्रार मोठ्याने वाचायचा. आपल्याविरुद्धची तक्रार, आपल्याच तोंडाने, पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत. त्यात अपमान असला तर तोही गाळायचा नाही. वाचून झालं की कार्ड उलटून मागे आणखी काही लिहिलंय का ते बघायचा आणि म्हणायचा, "बराबर हाय मॅडम. चूक माझी."

आता तुम्हीच सांगा, भांडायला पदर खोचून उभ्या राहिलेल्या बाईने अशा माणसाशी भांडावं कसं?

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. जालन्यात आमच्या मस्तगडच्या गल्लीत इंटरनेट आलं ते याच्या खांद्यावरून. हा मूळचा आष्टीचा, शेतकऱ्याच्या घरातला. आधी रेडिओ-टेप दुरुस्त करायचा, मग केबल टीव्हीच्या वायरी ओढायला लागला, आणि एक दिवस त्याने दुकानावर पाटी लावली : 'सुसाट इंटरनेट'. गल्लीत लग्न निघाल्यासारखी गडबड उडाली. शिडी खांद्यावर, वायरीचं भेंडोळं गळ्यात, असा तो या गच्चीवरून त्या गच्चीवर जायचा आणि खालून अख्खी गल्ली माना वर करून त्याला दिशा सांगायची. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता तेही सांगायचे.

आमच्या घरात मी आणि माझी लेक, दोघीच. मी कन्याशाळेत मराठी शिकवायची. ती औरंगाबादला एम.एस्सी. करत होती आणि शनिवारी घरी यायची. रोज संध्याकाळी तिची ई-मेल वाचायची, तिला लिहायची, एवढ्यासाठी मी नेट घेतलं. पहिल्या दिवशी तिचा निरोप पडद्यावर उमटला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. शेजारच्या भाभीजींना हाक मारून दाखवला. मग त्यांनी पण घेतलं.

जोडणी देताना तो प्रत्येक घरी दोन वस्तू द्यायचा. एक पांढरी डबी, हिरवे दिवे लुकलुकणारी. तिच्यातून लाईन पुढच्या घराला जाते, तिचं बटन चालू राहू द्या, असं तो एकदा सांगायचा. दुसरी वस्तू म्हणजे दहा पोस्टकार्डं. प्रत्येकावर त्याच्या दुकानाचा पत्ता आधीच लिहिलेला.

मी हसले. म्हटलं, इंटरनेटवाले आणि पोस्टकार्ड?

"मंग लाईन बंद पडल्यावर तक्रार काय वायरीतून पाठवता?" तो म्हणाला. "फोन असला की माणूस नुसता चिडतो मॅडम. कार्डावर ईचार करून चिडतो."

माझी दहा कार्डं दोन महिन्यांत संपली. मी आणखी मागून घेतली. गंमत अशी की त्याचं दुकान आमच्या घरापासून दोनशे पावलांवर. मी त्या दुकानावरून चालत जायची, तो नमस्कार करायचा, मी तोंड फिरवायची आणि पुढच्या कोपऱ्यावरच्या पेटीत त्याच्याविरुद्धचं कार्ड टाकून यायची. ते कार्ड मोठ्या पोस्टात जाऊन, शिक्का खाऊन, दोन दिवसांनी परत त्याच गल्लीत यायचं. रीत ती रीत.

माझी रोजची तक्रार एकच. सहा वाजले की लाईन जायची ती आठला यायची. नेमका माझा लेकीला लिहायचा वेळ. एका कार्डात मी लिहिलं, 'आपल्या पाटीवर सुसाट असे लिहिले आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.' हे त्याने आमच्या दारात एवढ्या मोठ्याने वाचलं की पलीकडे भाभीजी गॅलरीत खळखळून हसल्या. "बराबर हाय. चूक माझी," तो म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी बघते तर पाटीवर 'सुसाट' पुसून त्याने रंगाने लिहिलं होतं : 'बऱ्यापैकी इंटरनेट'. शप्पथ सांगते, ती पाटी शेवटपर्यंत तशीच होती.

तक्रार आली की तो काहीतरी करायचाच. कोणीतरी लिहिलं की तुम्ही न सांगता गच्चीवर येता, बायामाणसं केस वाळवत असतात. तेव्हापासून तो पहिल्या पायरीपासून "वायरवाला आलोऽऽ" अशी हाळी देत चढायचा, घरात फक्त आजोबा असले तरी. एका रविवारी मी पाहिलं, तर तो आमच्या घराला वळसा घालून मागच्या तीन गच्च्यांवरून वायर ओढत होता. त्यातल्या एका गच्चीवर माझ्या कुरडया वाळत घातलेल्या, त्यांच्या अगदी कडेने. मला राग आला. म्हटलं, सरळ आमच्या गच्चीवरून न्यायची सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला? तो कुरडयांकडे बघत म्हणाला, "सरळ वायर लई ताणती मॅडम. चूक माझी." मला काही ते पटलं नाही. त्यावरही मी एक कार्ड टाकलं.

आणि मग लेकीची ती मुलाखत आली.

दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत तिला पीएच.डी. करायची होती. लेखी परीक्षेत नाव आलं होतं. जागा एकच. ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते शास्त्रज्ञ महिनाभर परदेशात, म्हणून मुलाखत कॉम्प्युटरवर घेणार : मंगळवारी सकाळी अकराला. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, ठरल्या वेळी बोलणं झालं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. पोरीने दोन वर्षं मान वर न करता अभ्यास केलेला. तिचं सगळं आता त्या वायरीवर लोंबकळत होतं, आणि त्या वायरीचा मला अनुभव होता. वर उन्हाळा, भारनियमन. वीज कधी जाईल नेम नाही.

मी कार्ड लिहिलं. या वेळी सोनूबाई वगैरे काही नाही. 'मंगळवारी अकरा ते बारा माझ्या मुलीचे भवितव्य तुमच्या हातात आहे. कृपा करा.' टाकायलाही पेटीपर्यंत गेले नाही. सरळ दुकानात जाऊन त्याच्या हातात दिलं.

त्याने ते मोठ्याने वाचलं नाही. मनातल्या मनात दोनदा वाचलं, खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मंगळवारी चूक न्हाई व्हणार."

सोमवारी संध्याकाळी तो मेव्हण्याकडचा इन्व्हर्टर घेऊन आला आणि आमचा कॉम्प्युटर, आमची डबी, दोन्ही त्याला जोडून गेला. दुकानात जनरेटर होता, तिथे त्याने बायकोला बसवायचं ठरवलं होतं. लाईन दुकानातून भाभीजींकडे आणि तिथून आमच्याकडे यायची, एवढं मला माहीत होतं. भाभीजींकडचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, तिथलं मी बघतो.

मंगळवारी साडेदहापासून लेक साडी नेसून पडद्यासमोर बसलेली. मी शाळेतून रजा काढली होती. मी डाळ निवडायला घेतली आणि एकच मूठ पुन्हापुन्हा निवडत राहिले. अकरा वाजले. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा चेहरा आला, आणि तो चक्क बोलला. माझ्या पोरीचं नाव घेतलं. मस्तगडातल्या आमच्या खोलीत, परदेशातून. काय सांगू तुम्हाला, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

अकरा वीसला पंख्याचा आवाज बदलला. वीज गेली. इन्व्हर्टर लागला, पण पडद्यावरची दाढी थिजली. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने लहानपणी विहिरीच्या काठावर पाय घसरला तेव्हा पाहिलं होतं. मी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. नाव पुरतं तोंडात यायच्या आत दाढी हलली आणि म्हणाली की प्रश्न पुन्हा विचारतो. पुढे चाळीस मिनिटं वायरीने हूं की चूं केलं नाही.

संपल्यावर पोरगी माझ्या गळ्यात पडली. चांगली झाली म्हणाली. मी आधी लिंबाचं सरबत केलं आणि फुलपात्र घेऊन त्याला शोधायला निघाले. भाभीजींच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप. मी परत फिरणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"झाली का मॅडम मुलाखत?"

गजांच्या आत तो उभा. मागे स्टुलावर गाडीची बॅटरी आणि ती डबी. मी विचारलं, तुम्ही आत काय करताय?

मग कळलं. भाभीजींचं सगळं घर जाफराबादला लग्नाला गेलं होतं. घराबाहेर पडताना सगळी बटनं बंद, ही त्यांच्या घरची शिस्त. रिकाम्या घरात बटन चालू ठेवायला त्या तयार नव्हत्या आणि घर उघडं टाकायला त्यांचे सासरे तयार नव्हते.

"मंग मी म्हन्लं, घर रिकामं कशाला ठेवता, मला ठेवा. अन् लावा कुलूप," तो म्हणाला. "लाईट गेली तं डबी बॅटरीवर घ्यायला बी माणूस लागतोच की. येतील संध्याकाळी ते."

सकाळी सातपासून तो स्वतःला कोंडून घेऊन बसला होता. मी गजांतून फुलपात्र आत दिलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज संध्याकाळी सहा ते आठ भाभीजी घरच्या सगळ्यांना घेऊन मंदिरात जातात. बटनं बंद करून. म्हणजे माझी ती सगळी कार्डं!

मी उसळलेच. एवढे दिवस मला सांगितलं का नाही?

सरबत संपवून त्याने फुलपात्र परत दिलं. "सांगितलं असतं तं तुमी त्यांना कार्ड लिवलं असतं," तो म्हणाला. "वायर तुटली तं मी जोडतो मॅडम. शेजार मला न्हाई जोडता येत." मग मी निघाले तर मागून हाक. "दुकानात म्हनावं जनरेटर बंद कर. उगा रॉकेल जाऊन राह्यलंय."

तीन आठवड्यांनी लेकीची निवड झाल्याचं कळलं. मी कार्ड लिहिलं, दोनच शब्दांचं : 'निवड झाली.' हे त्याने गल्लीच्या तोंडापासून वाचत आणलं. दारात आल्यावर कार्ड उलटलं, पुन्हा सुलटं केलं आणि म्हणाला, "ह्याच्यात माझी चूक कुठं हाय, सापडंना." मी हसता हसता रडले. भाभीजी पेढे वाटायला माझ्याआधी धावल्या, आणि त्यांच्या बटनाबद्दल मी आजतागायत अवाक्षर काढलेलं नाही. या मोठेपणाचं मला फार कौतुक होतं हो. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटायची.

पुढे मोठ्या कंपन्या आल्या. त्यांच्याकडे तक्रार केली की एक बाई गोड आवाजात नंबर देते आणि तो नंबर घेऊन आपण गप्प बसायचं. एकेक घर याच्या वायरीवरून सुटत गेलं. शेवटी त्याने गच्च्यांवरून वायरी गुंडाळल्या, डब्या काढून नेल्या आणि तो आष्टीला परत गेला. जायच्या आधी प्रत्येकाची कार्डं प्रत्येकाला देऊन गेला. प्रत्येक कार्डाच्या तळाशी लाल शाईत उत्तर. माझी तीस होती. अठ्ठाविसांवर 'चूक माझी'. मुलाखतीच्या कार्डावर 'चूक न्हाई झाली'. 'निवड झाली'च्या खाली काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसती लाल रेघ ओढलेली.

मागच्या घरात एक पत्रिकावाले राहतात. लग्नपत्रिका जुळवून नेटवरून औरंगाबादच्या छापखान्यात पाठवायचे. एकदा त्यांनी चहाला बोलावलं आणि हौसेने आपली कार्डं दाखवली. पहिलंच वाचलं : 'रोज सकाळी साडेदहाला लाईन जाते ती सव्वापाचला येते. रविवारी दिवसभर नीट चालते. दिवाळीच्या सुट्टीत दिवसा एकदाही गेली नाही.'

साडेदहाला मी शाळेत जायला निघायची. सव्वापाचला परत यायची. निघताना सगळी बटनं बंद, ही शिस्त मला माझ्या वडिलांनी लावलेली. घरात कोणी नाही तर डबी चालू कशाला, असा माझा सरळ हिशेब. तिच्यातून पुढच्या घराला लाईन जाते हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकून सोडून दिलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते असं.

कार्डाखाली लाल शाईत उत्तर होतं : 'बराबर हाय. चूक माझी. येत्या रविवारी तुमाला येगळी वायर टाकतो.'

माझ्या कुरडयांच्या कडेने गेलेली ती वायर. आमच्या घराला घातलेला तो वळसा. पत्रिकावाले म्हणत होते, रविवारीच का चालायची कोण जाणे. माझ्या हातातला चहा गार झाला. मी त्यांना सांगितलं, का ते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घरी येऊन मी आष्टीच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं. एकतिसावं. 'बरोबर आहे. चूक माझी होती.' पेटीत टाकलं आणि दारात पावलं वाजण्याची वाट पाहिली. माझ्या कार्डाला उत्तर आलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

आता मी शाळेतून निवृत्त झाले आहे. बाहेर पडताना अजूनही गॅस बघते, नळ बघते, सगळी बटनं बंद करते. डबीचं भिंतीवरचं बटन तेवढं चालू ठेवते. त्याला आता काहीच जोडलेलं नाही.