फरशीवरून घेतलेलं माप

साइटवर पडून मोडलेलं खांद्याचं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. प्लंबरचं अर्धं काम डोक्याच्या वर असतं. पुनावळ्याच्या ज्या इमारतीत मी चौदाव्या मजल्यापर्यंत पाइप नेले होते, तिथेच आता खाली स्टोअरमध्ये बसून पाइप जोडायचे एल्बो आणि सॉकेट काढून द्यायचो. ते कामही ठेकेदाराने दयेपोटी दिलेलं आणि इमारतीबरोबरच संपणारं. घर नांदेडकडे. तिथे हाताला काम असतं तर आठवीत शाळा सोडून मी एवढ्या लांब आलोच नसतो.

साइटवर एक इंजिनियर मॅडम होत्या. पिंपरीच्याच, वडील कंपनीतून रिटायर झालेले. वयाने माझ्याहून लहान. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लॅपटॉपवर मला आमची इमारत दाखवली. नुसता नकाशा नव्हे, अख्खी उभी इमारत. एक भिंत बाजूला केली की आतले पाइप, सळया, वायरी सगळं उघडं.

"याला बीआयएम म्हणतात, भाऊ. जमिनीवर बांधायच्या आधी इथे बांधून बघायचं. पाइप कुठे बीमला धडकतोय ते आधीच कळतं."

"म्हणजे आम्ही आठ-आठ दिवस बीमला भोकं पाडत बसतो ते?"

"तेच वाचतं. तुम्ही शिका ना हे. यात हात वर करावा लागत नाही."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. वाकडच्या ज्या क्लासमध्ये त्या स्वतः शिकल्या होत्या, तिथला फॉर्म त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणला आणि स्वतःच भरायला घेतला. शिक्षणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. क्लासला निदान दहावी लागत होती. "आठवी लिहिलं तर सर दारातूनच परत पाठवतील," असं म्हणून त्यांनी 'दहावी पास' लिहिलं. "मी सरांना शब्द दिलाय, आपला माणूस आहे म्हणून." आपला माणूस! या शहरात माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. ऐकून बरं वाटलं, आणि मी फॉर्मवर सही केली.

सकाळी क्लास, दुपारनंतर स्टोअर. क्लास तिसऱ्या मजल्यावर, सगळीकडे काचा आणि त्यातली एकही उघडत नाही. उघड्या स्लॅबवर वारा खात काम केलेला माणूस मी, एसीत स्वेटर घालून बसायचो. बाकीची पोरं डिप्लोमावाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मामा केलं. इंग्रजी मला अक्षर जुळवून वाचावं लागतं, म्हणून बटणं मी चित्रावरून आणि जागेवरून लक्षात ठेवली होती. एकदा कुणीतरी माझ्या कॉम्प्युटरवर बसून ती इकडची तिकडे केली, तर दुपारपर्यंत मला एक भिंत उभी करता आली नाही. विचारायची सोय नव्हती. दहावी पास माणूस असं विचारेल का, हे आधी मनात तपासायचो आणि गप्प बसायचो.

कॉम्प्युटरवरच्या इमारतीत आतून फिरायला शिकवलं तेव्हा मी पाइपांच्या डक्टमध्ये शिरलो आणि बाहेर कसं पडायचं ते कळेना. चारी बाजूंनी भिंत. शेजारचा म्हणाला, "मामा, दरवाजा ठेवलाच नाही तुम्ही. आता राहा तिथंच, वरून डबा सोडतो." सगळे हसले, मीही हसलो.

क्लास सोडावा तर मॅडमचा शब्द जातो. न सोडावा तर शेवटी सर्टिफिकेट देताना मार्कशीट मागणारच. गावाकडे आई सांगत सुटलेली, "पोरगं इंजिनियर होऊलालंय." तिला काय सांगू?

शेवटच्या महिन्यात एका मजल्याच्या सगळ्या बाथरूमचे पाइप मॉडेलमध्ये बसवायचे होते. हे माझं काम! उंच्या मला तोंडपाठ. दोन दिवसांत संपवलं, कुणाच्याही आधी. सरांनी धडक तपासायचं बटण दाबलं आणि स्क्रीन लाल झाली. एकूण एक पाइप फॉल्स सीलिंगमधून खाली आलेला.

"उंची कुठून धरलीत?" सरांनी विचारलं.

"फरशीवरून."

"कुठल्या फरशीवरून?"

मग माझ्याही लक्षात आलं. साइटवर आम्ही नुसत्या स्लॅबवरून कधी मापत नाही. पुढे फरशी कुठे येणार ते धरून भिंतीवर सुतळीने रेघ मारतात आणि नळापासून गटारापर्यंत सगळं त्या रेघेवरून. मॉडेलचं शून्य मात्र स्लॅबवर होतं. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून चार बोटं, तेवढे माझे पाइप खाली बसले होते.

"मामांनी आधी फरशी बसवून घेतली राव!" मागून आवाज आला.

सर पुनावळ्याच्या जुन्या शेतकरी घरातले, हसण्यावारी नेणारे नव्हते. "गप रे. ही चूक करायला दहा वर्षं साइटवर घालवावी लागतात, तुला जमणार न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या बॅचला साइटच्या मापांचे तास तुम्ही घ्या. नोकरीसाठी एका ऑफिसातही तुमच्याबद्दल बोलतो. उद्या येताना दहावीची मार्कशीट आणा."

इतक्या वर्षांत इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणी बोललं नसेल, आणि मला उठून पळून जावंसं वाटत होतं.

मॅडमना फोन केला नाही. केला असता तर त्यांनी माझ्यासाठी आणखी एक खोटं उभं केलं असतं, एवढं मी त्यांना ओळखत होतो. सकाळी पोरं यायच्या आधी सरांपुढे उभा राहिलो. "सर, मी आठवीतून शाळा सोडलीय. फॉर्मवर दहावी मीच लिहायला लावली. मॅडमना काही माहीत नाही."

सरांनी फाईल काढली, फॉर्म बघितला. "अक्षर तिचं आहे," म्हणाले. फॉर्म परत फायलीत लावला. मग म्हणाले, "क्लास पूर्ण करा. पण सर्टिफिकेट दहावी झाल्याशिवाय न्हाई, ऑफिसचंही तेव्हाच बघू. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसा परीक्षेला."

दुपारी मॅडम स्टोअरच्या खिडकीशी आल्या.

"सरांचा फोन आला होता. तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, भाऊ. तोंडघशी मी पडले ना."

"तुमचं नाव वाचवायला गेलो, मॅडम."

"मी म्हटलं होतं, वाचवा म्हणून?"

त्यांना पाइपाच्या चार इंची टी हव्या होत्या, त्या मी काढून दिल्या.

सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. सकाळी मॉडेल, दुपारी स्टोअर, मधल्या वेळात दहावीचं बीजगणित. इमारतीला आता रंग लागतोय, म्हणजे स्टोअर आणखी दोन-तीन महिने. मॅडम रोज दिसतात. कामापुरतं बोलतात, अजूनही भाऊच म्हणतात. बीजगणितातलं एक समीकरण आठवडाभर अडलंय. त्यांना विचारायचा धीर होत नाही, आणि ज्याला विचारावं असं दुसरं माणूस मला इथे नाही.