ओट्याला लावलेली गाडी

माझ्या थोरल्या बहिणीला कुणी उचललेलं चालत नाही. खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडली होती, तेव्हा स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसांनाही म्हणाली, "सरका, मी बसते माझी." बसता येणार नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आमच्या घराण्यात हट्ट आईच्या दुधातून येतो. मला थोडा कमी आला, असं मी म्हणतो. बायको तसं म्हणत नाही.

बहिणीचं सासर कशेळ्याच्या पुढं, आमचं गाव खालापूरकडं. गौरीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून दरवर्षी मीच जातो. आधी बैलगाडी नेली, मग एसटीनं आणली, मग जीपमधून, मग भाड्याच्या गाडीतून. हाड मोडल्यावरच्या गौरीला माझ्या दोन पुतण्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून गाडीत चढवलं. घरी उतरल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "भाताचं पोतं चढवावं तशी चढवलीत मला. माझ्या पायानं चढंन अशी गाडी आणशील तवा येईन. नायतर माझी गौर माझ्या दारात."

पुढच्या गौरीला ती खरंच आली नाही. तेरड्याची गौर घरात आली, कोंबडी-वडे झाले, आणि सण आम्ही कसाबसा जेवलो.

म्हणून गाडी घ्यायची ठरली. हमरस्त्याकडचं एक शेत गोदामाला गेलं, त्याचे पैसे होते. बाकीच्या शेतात अजून भात लावतो, हेही सांगून ठेवतो, कारण विचारणारे विचारतातच.

घरात दोन तट पडले. मुलगा, सून आणि बायको एका बाजूला. त्यांना तीन रांगांची, सात माणसांची साधी गाडी पाहिजे होती, शेतावर जाणारी, लग्नाला जाणारी, मागं तांदळाचा कट्टा टाकला तरी कुरकुर न करणारी. दुसऱ्या बाजूला मी एकटा. मला भारी गाडी पाहिजे होती, चामड्याच्या सीटांची आणि काचेच्या छपराची. कारण सरळ होतं. आमच्या भाऊबंदांतल्या एकानं तसली आणली होती, आणि देवळाच्या पायरीवर बसून मी बोलून गेलो होतो, "त्याच्यापेक्षा वरची आणीन." बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाही.

"पण बाबा, ती आपल्या अंगणात मावत नाय," मुलगा म्हणाला. "ओटा तोडावा लागंल."

"तोडू," मी म्हणालो.

गवंडी येऊन ओट्यावर चुन्याची रेघ मारून गेला. वडिलांनी बांधलेला ओटा. बायको त्या दिवशी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

एक अट मात्र मी घातली. कुठलीही गाडी घ्यायची, तर आधी बहिणीच्या दारात न्यायची. ती तिच्या पायानं चढली तर घ्यायची.

भारी गाडी आधी गेली. मुलगा चालवायला, शेजारी शोरूमचा माणूस, गळ्यात टाय. मी मागं, गादीत रुतलेला. बहिणीच्या अंगणात गाडी थांबली तशी आजूबाजूची दहा-पाच माणसं गोळा झाली. शोरूमच्या माणसानं एक बटण दाबलं आणि गाडी हळूच खाली बसली, दावणीला म्हैस बसते तशी. बहीण वॉकर घेऊन आली. एका हातानं दार धरलं, पाय आत टाकला, बसली. कुणाचा हात लागला नाही. माझी छाती दोन बोटं फुगली असेल.

"चला, बाजारापर्यंत फिरवू," मी म्हणालो.

कशेळ्याच्या नाक्यावर तिची जुनी मैत्रीण सुकी मासळी घेऊन बसते. बहिणीनं काचेवर टकटक केलं. काच काळी, वर पावसाची भुरभुर, बहीण मैत्रिणीला दिसेना. "काच खाली घे रं," ती म्हणाली.

"आजी, पाऊस आत येईल," शोरूमचा माणूस म्हणाला, "सीट लेदरची आहे."

"लेदर म्हंजे चामडंच ना? म्हैस पावसात भिजती, तिला काय होतं?"

मुलानं काच खाली घेतली, पण तोवर गाडीभोवती माणसं जमली होती. एकानं बॉनेटवरून हात फिरवला, एकानं किंमत विचारली, एक जण गाडीपुढं उभा राहून मोबाईलवर स्वतःचा फोटो काढत होता. बहिणीला कुणी "कशी हायस?" म्हणून विचारलं नाही. मैत्रीणसुद्धा गाडीकडंच बघत राहिली.

परत दारात आल्यावर बहीण उतरली, तीही आपल्या पायानं. मी विचारलं, "मग बाय, घेऊ?"

"गाडी चांगली हाय. तुज्यासारखीच हाय."

"म्हंजे?"

"आपलीआपणच मिरवती. माहेराला निघालेली बाई रस्त्यानं दिसाया पायजे रं. लोकांनी इचारलं पायजे, कुठं चाललीस? हितं समदी गाडीला रामराम करतात. मी काय डिकीत हाय?"

माणसं हसली. मला राग आला. शोरूमच्या माणसालाही थोडं हसू आलं होतं, ते त्यानं टायमागं लपवलं. चढायची अट तिनंच घातली, ती पुरी झाली, आता हे दिसायचं कुठून आलं? पण रात्री पडल्या पडल्या आठवलं. बैलगाडीतून तिला आणायचो तेव्हा कडाव येईपर्यंतच पुन्हा भूक लागायची, एवढ्यांदा ती गाडी थांबवायची. ही माझी मामेसासू, ही माझ्याबरोबर लावणीला होती, असं तिचं चालायचं. मी चिडायचो. ती मात्र प्रत्येकीला सांगायची, "भाऊ आलाय न्यायाला."

साधी गाडी न्यायची वेळ आली तेव्हा मी जाणार नाही म्हणून सांगितलं.

"का? गाडीत बसायला मुहूर्त काढायचा हाय का?" बायको म्हणाली. "बहीण तुमची, अट तुमची. आता तोंड फुगवून बसताय ते पण तुमीच."

गेलो.

ही गाडी उंच. खाली बसायचं बटण नाही. बहिणीनं दाराचं हँडल धरलं, पाय उचलला. पाय पायरीपर्यंत गेला नाही. पुन्हा उचलला. शोरूमचा माणूस हात द्यायला पुढं झाला, तसा तिनं वॉकर त्याच्यावर उगारला. "हात लावशील तर बघ!" माणूस दोन पावलं मागं.

तिसऱ्यांदाही पाय गेला नाही. तिनं वॉकर वळवला आणि घराकडं चालू लागली. वाटलं, संपलं. याही वर्षी गौर तिच्याशिवाय, आणि पुढच्या गौरींचं कुणी सांगावं, आमची दोघांचीही वयं झालेली.

एका बाजूच्या उतारानं ती तिच्या ओट्यावर चढली. दारात जाऊन वळली आणि तिथूनच ओरडली, "बघत काय उभा ऱ्हायलास? गाडी हिकडं आण."

"कुठं?"

"बैलगाडी कुठं लावायचास? इसारलास व्हय रं?"

मी खरंच विसरलो होतो. बैलगाडी नेहमी ओट्याला लावायचो. बाया ओट्यावरून सरळ गाडीच्या साटीत पाय टाकायच्या, चढायला नको, उडी मारायला नको.

मुलानं गाडी मागं घेत घेत ओट्याला चिकटवली. दार उघडलं ते ओट्याच्या बोटभर वरून गेलं. भारी गाडीचं दार तिथं अडलं असतं. गाडीचा तळ आणि ओटा जवळजवळ एका पातळीत. बहिणीनं वॉकर बाजूला ठेवला, दाराच्या खांबाचं हँडल धरलं, एक पाय आत, मग दुसरा. पुढच्या सीटवर बसून पदर सारखा केला.

"चल," ती म्हणाली.

"कुठं चल? ही नुसती बघायला आणलीय, बाय. गाडी यांची हाय."

"बघितली. चांगली हाय. चल माहेराला."

"अगं, गौरीला अजून आठ-दहा दिस हायत."

"मग काय, तुज्या घरी मला खायाला नाय?"

शोरूमचा माणूस म्हणाला, "आजी, टेस्ट ड्राइव्ह एवढी लांब नसते."

"लांब कुठं? कर्जत गेलं की आलं. तू पण चल, भाकरी खाऊन जा."

तिच्या सुनेनं हसत हसत लुगड्यांचं गाठोडं आणून मागं टाकलं. ते आधीच बांधून ठेवलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

काच पूर्ण खाली. नाक्यावर मैत्रिणीनं लांबूनच ओळखलं आणि अर्धी पाटी बोंबील गाडीत टाकले. कडावला दोनदा थांबलो. चार फाट्याला फुलवाली ओळखीची निघाली. प्रत्येकीला तेच, "माहेराला चालली! भाऊ आलाय न्यायाला!" बाया गाडीत डोकावून मला बघायच्या. मी मधल्या रांगेत, मांडीवर बोंबील, शेजारी टायवाला. तेव्हा कुणी गाडीची किंमत विचारली असती तर मला सांगता आली नसती.

घरी मुलानं न सांगता गाडी ओट्याला लावली. बहीण ओट्यावर उतरली, उभी राहिली, खाली बघितलं.

"ही चुन्याची रेघ कसली रं?"

"काय नाय," मी म्हणालो. "पोरांनी खेळायला मारली असंल."

बायको आत गेली. तिचं हसू मला ऐकू आलं.

शोरूमच्या माणसानं भाकरी खाल्ली, बोंबील खाल्ले, आणि ओट्यावर मांडी घालून माझी सही घेतली. सही मी मराठीत करतो, सावकाश, पण पूर्ण नाव लिहितो.

देवळाच्या पायरीवर आता भाऊबंद विचारतात, "वरची गाडी आणणार व्हता ना?"

"आणली की," मी सांगतो. "ओट्याएवढी वर हाय."

नवी गाडी आली त्या दिवशी बहिणीनंच तिला ओवाळलं. गौरी झाल्या, ती अजून इथंच आहे. परवा खोपोलीला डॉक्टरकडं नेलं, काल एका बारशाला. गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत. पुढच्या सीटवर मी अजून बसलेलो नाही.