एकदा नको म्हटलं की
कॉफीचा वास आला की मला बालीगंजमधला जर्मनचा वर्ग आठवतो. नवरा आधीच जर्मनीला गेला होता आणि माझा व्हिसा भाषेच्या तोंडी परीक्षेवर अडला होता. सरावाच्या परीक्षेत डमडमचे एक बंगाली काका यजमान झाले आणि मी पाहुणी. त्यांनी कॉफी विचारली. पाहुण्याने पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं हे आईने शिकवलेलं, म्हणून मी अगदी छान जर्मनमध्ये नको म्हणाले. पण पाहुण्याला तसंच सोडणं काकांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी केक पुढे केला, मी आत्ताच जेवून आले म्हणाले, ते म्हणाले मग एक रसगुल्ला तरी घ्या, आणि आमचा सगळा वेळ आग्रहातच संपला. ठरलेले प्रश्न तसेच राहिले. बाईंनी दोघांनाही नापास केलं. "तिथे एकदा नको म्हटलं की कप परत जातो," त्या म्हणाल्या. मी ते वहीत लिहून घेतलं. परवा, इतक्या वर्षांनी, मला तिथलं नागरिकत्व मिळालं. समारंभानंतर एका तरुणीने कॉफीचा ट्रे पुढे केला. मी हसून नको म्हणाले आणि ती पुन्हा विचारील म्हणून तिथेच उभी राहिले.