आमच्याकडे मासे खात नाहीत

गेल्या नोव्हेंबरात चार माशांनी आमच्या अख्ख्या कुटुंबाला कडकडीत उपास घडवला.

ते मासे मीच आणले होते. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी रिया ही माझ्या मुलीची, मीराची, जिवाभावाची मैत्रीण. तिच्या वडिलांची इथली नोकरी संपली आणि ते सगळे कोचीला परत गेले. दुबईत हे नेहमीचंच. मोठ्यांना त्याची सवय होते, पण नऊ वर्षांच्या पोरीला कशी होणार? मीरा आठवडाभर गप्प गप्प होती. तिला मांजर हवं होतं, ते घरमालकाला चालणार नव्हतं. मग मी तिला माशांच्या दुकानात नेलं आणि काचेची टाकी, फिल्टर, हीटर, प्लॅस्टिकची झाडं आणि काळ्या पट्ट्यांचे चार रुपेरी एंजल मासे असा संसार घेऊन आलो. (वाळवंटात राहून पाण्याला हीटर लावणारा मी बहुधा पहिलाच पुणेकर असेन!) बऱ्याच दिवसांनी पोरगी हसली आणि मला भरून पावल्यासारखं झालं.

"टेन्शन नहीं लेने का, सर. नया घर है, दो दिन में सेट हो जाएगा," दुकानदार निघताना म्हणाला होता. मी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं माझी बायको शर्वरी लग्नापासून सांगत आली आहे.

मासे टाकीत सोडले, ते थेट मागच्या कोपऱ्यात गेले आणि शाळेत शिक्षा केलेल्या मुलांसारखे भिंतीकडे तोंड करून राहिले. खाणं टाकलं, ते आधी तरंगलं, मग बुडालं. कुणी ढुंकून बघितलं नाही. मीरा टाकीसमोर खुर्ची ओढून बसली. तिला सोबत म्हणून मी बसलो. पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेली माझी आई तिच्या मालिका सोडून येऊन बसली. शेवटी शर्वरीही आली. अंतर ठेवायला नको म्हणून आम्ही खुर्च्या काचेला अगदी चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी दुधाचा पेला बाजूला सारून मीराने जाहीर केलं, "इफ दे आर नॉट ईटिंग, आय ॲम नॉट ईटिंग." आईला इंग्रजी येत नाही, पण नातीने पेला सारला की जगातली कुठलीही भाषा तिला कळते. नात उपाशी असताना आपल्या घशाखाली घास उतरणार नाही, असं तिने सांगून टाकलं. सासूबाई उपाशी आणि सून जेवली, ही बातमी पुण्यात पोचायला नको म्हणून शर्वरीनेही ताट मांडलं नाही. राहिलो मी. ओट्यावर खिचडी-कढी झाकून ठेवलेली होती, तिचा वास घरभर येत होता आणि भूक लागली म्हणायची सोय नव्हती.

दुपारपर्यंत आईने सूत्रं हातात घेतली. वाईच्या घाटावरचे मासे कणकेच्या गोळ्यांवर कसे तुटून पडतात, हे तिने लहानपणी पाहिलेलं. तिने कणीक भिजवली, मोहरीएवढ्या गोळ्या केल्या आणि मूठभर टाकीत सोडल्या. त्या विरघळून पाण्याची पेज झाली. मी बादली आणून निम्मं पाणी बदललं, तसे मासे आणखी घाबरून फिल्टरच्या मागे शिरले. मग आईने आग्रह सुरू केला. "खा रे बाळांनो, लाजू नका. आपलंच घर आहे." पंगतीत माणसं या आग्रहाला बळी पडतात, मासे पडले नाहीत.

मीराचे डोळे भरून आले. "दे विल ऑल्सो गो अवे, बाबा," ती हळूच म्हणाली. आता मासे जेवल्याशिवाय माझी सुटका नव्हती, आणि तिचीही.

मदत मागायला मी आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'आमच्याकडे कालपासून मासे खात नाहीत. काय करावं?'

आपली माणसं परदेशात धावून येतात ती अशी! पहिलं उत्तर आलं, मार्गशीर्ष लागायला अजून वेळ आहे, आत्तापासून कशाला बंद केलंत? मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं उत्तर इथे पडलं असेल. दुसऱ्याने सुचवलं, पित्त होत असेल, सोबत सोलकढी द्या. माशांनाही पित्त होतं हे मला नवीन होतं. तिसऱ्याने लिहिलं, उग्र वासाने खात नसतील, लिंबू पिळून अर्धा तास ठेवा. हे मला पटलं. पाण्यात आम्ल कमी पडत असणार! मी फ्रिजमधून लिंबू काढलं, कापलं आणि टाकीवर हात नेला, तेवढ्यात त्याच माणसाचा पुढचा मेसेज आला: 'मग रव्यात घोळवून तळा.'

शर्वरीने माझा हात धरला, फोन घेतला आणि माझं वाक्य मला मोठ्यांदा वाचून दाखवलं. कोण खात नाहीत, हे मी लिहिलंच नव्हतं. आमचं घर शुद्ध शाकाहारी. (निदान आईचा तसा समज होता.) खुलासा लिहायला मी फोन परत घेतला, तोच दारावरची बेल वाजली.

दारात शेजारच्या बिल्डिंगमधल्या सावंत वहिनी. मूळच्या मालवणच्या, मन मोठं आणि हात त्याहून सढळ. हातात गरम डबा. मेसेज वाचल्याबरोबर त्यांनी सुरमई तळायला घेतली होती. घरातली लहान मुलगी मासे खायला नाही म्हणते, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी डबा थेट जेवणाच्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि आईच्या पाया पडल्या. आईने आशीर्वाद दिला, पण नाकाला पदर लावून.

"वहिनी, अहो आमच्याकडे मासे चालत नाहीत," शर्वरी अवघडून म्हणाली.

"असं काय करता?" वहिनी निरागसपणे हसल्या. "गटारीला भावजींनीच तर आमची अर्धी सुरमई संपवली. जाताना डोकं पण मागून घेतलं."

शर्वरी माझ्याकडे वळली.

"गटारीला तर तुझं ऑडिट होतं ना रे?" शर्वरीने शांतपणे विचारलं. शांतपणेच विचारलं, म्हणून मला घाम फुटला. आई उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मीरासुद्धा खुर्ची फिरवून माझ्याकडे बघायला लागली. माशांचं डोकं खाणारा बाप तिने पहिल्यांदाच पाहिला होता. मी म्हणालो, ते एकदाच झालं. त्यावर वहिनी मला सांभाळून घ्यायला म्हणाल्या, "एकदाच कुठे? दर खेपेला आवडीने खातात." मग काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी डबा उचलला आणि "येते हां" म्हणत काढता पाय घेतला. मी त्या डब्याकडे शेवटचं बघून घेतलं.

आईने सुरुवात माझ्या मुंजीपासून केली. ती कॉलेजच्या मेसपर्यंत पोचली असेल, तेवढ्यात मीरा कुजबुजली, "श्श. दे आर ईटिंग."

आम्ही श्वास रोखून मान वळवली. चारही मासे पुढे आले होते आणि बुडालेलं खाणं तळातून टिपत होते. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते! मीराने मला घट्ट मिठी मारली. ती मिठी मला सुरमईपेक्षा प्रिय आहे, हे मी आईसमोरसुद्धा शपथेवर सांगेन.

खिचडी गरम झाली. मीरा दोनदा घेऊन जेवली, आई जेवली, शर्वरी जेवली. मी पहिला घास उचलला तर तिघी टक लावून माझ्याकडेच बघत होत्या. हात तिथेच थांबला. घास काही तोंडात जाईना.

मीराला माझी दया आली. तिने उठून टेबलावरचा दिवा बंद केला. "डोन्ट लुक ॲट हिम, आजी. ही विल ईट व्हेन नोबडी इज लुकिंग."

शर्वरीने आईला अर्थ सांगितला. आईने माझ्या ताटात चमचाभर तूप वाढलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माहीत आहे गं बाई," ती म्हणाली. "इतकी वर्षं तसाच तर खातोय."