एकशे बाराव्या पानातलं तिकीट

"अच्छा, म्हणजे आपल्या घरात वाचणारी तूच एक!" असं म्हणत काकांनी नाझी काळातल्या हेर बायकांवरचं पुस्तक पुण्याहून आलेल्या आतेबहिणीच्या हातात ठेवलं. दसऱ्याच्या पूजेत काकूने असल्याच एका पुस्तकावरच्या स्वस्तिकाला हळदकुंकू वाहिलं होतं. तेव्हापासून काकांच्या त्या सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचं काम माझ्याकडे होतं, आणि कव्हर घालता घालता मी ती चोरून वाचायचे. बहीण फडाफडा बोलत होती, काका खूश होते, मी मात्र पकडल्या गेलेल्या हेरासारखी कव्हरांच्या डिंकाची बाटली पाठीमागे लपवत होते. डिंकाचा वास आला की तेव्हाचा जळफळाट अजून जागा होतो. तिने पुस्तक पिशवीत टाकलं तेव्हा मी म्हणाले, "काका, ते मी वाचून राहिली आहे. एकशे बाराव्या पानात माझं तिलवाऱ्याच्या बसचं तिकीट आहे."