उत्तमचे पांढरे कपडे

हे सगळं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझं जवळजवळ सगळं माहीत आहे. चूक माझी होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना ती दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय राहणार नाही. कारण ढकलता येते. मी कितीतरी वेळा मनातल्या मनात ढकलून पाहिली आहे.

मी बीडला राहतो, पालीकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका कॉलनीत. सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीमागं माझी नोकरी. मूळ गाव नांदूरघाट. माझं आडनाव असं आहे की ते दोन-तीन समाजांत सापडतं. कॉलनीत घर घेतलं तेव्हा कुणी काही विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही. पुढच्या खोलीत निसर्गचित्र लावलं. त्या दोन तसबिरी — कुठल्या, ते तुम्हाला कळलंच असेल — आतल्या खोलीत, कपाटाचं दार उघडल्यावर दिसतील अशा.

याआधी भाड्याच्या खोल्या शोधताना काय काय ऐकलं, ते सांगू शकतो. सांगत नाही. ते खरं आहे, पण त्याचा आधार घेतला की माझी गोष्ट माझी राहत नाही.

शेजारी मुळे सर. निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन माणूस. माझ्या मुलीला ताप चढला तेव्हा यांनीच गाडी काढली होती. काकू सत्यनारायणाचा प्रसाद भिंतीवरून देत, आमची मंडळी तो घेत. एक न सांगितलेली गोष्ट सांभाळायला किती छोट्या छोट्या गोष्टी कराव्या लागतात! सणाच्या दिवशी दारात काय काढायचं, चौदा एप्रिलला सकाळी कुठल्या रस्त्यानं बाहेर पडायचं, गावाकडचं कुणी आलं की दारातूनच मोठ्यानं ‘जय भीम’ घालेल म्हणून आधीच फाटकापर्यंत जायचं. घर माझ्या नावावर होतं. पण त्यात मी पाहुण्यासारखा राहत होतो — कधीही उठवतील अशा पाहुण्यासारखा.

आता ती चूक जिथं झाली त्या डोंगराकडं येतो. येतोच आहे.

नांदूरघाटच्या आमच्या गल्लीत आम्ही तिघं एका वयाचे. मी, उत्तम आणि नामदेव. उत्तम गवंडी झाला, नामदेव एसटीत कंडक्टर. लहानपणी विहारात वंदना मी सांगायचो, हे दोघं मागं म्हणायचे. तेव्हापासूनचं ठरलेलं होतं — एकदा बिहारातल्या राजगीरला जायचं, गृध्रकूटावर चढायचं. भगवंत ज्या डोंगरावर बसून धम्म सांगायचे, तिथं तिघांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हणायचं. पुढं मी, मागं ते. पोरपणातलं बोलणं, पण उत्तम ते विसरला नाही.

निघताना त्याच्या आईनं, सोनाबाई मावशीनं, माझ्या हातात एक मेणबत्ती दिली. दुकानात मिळते तशी साधी, पांढरी. तिला आता चढवत नव्हतं, गुडघे गेलेले.

“तिथं माझ्या नावानं लाव, दिलीपा,” ती म्हणाली. “उत्तम्याला न्हाई देत. त्ये खिशात मोडून आनंल.”

कॉलनीत मी काय सांगितलं? काशीला जातोय. मुळे सर खूश झाले. म्हणाले, आम्हीही त्याच सुमारास यात्रेच्या बसनं निघतोय, जमलं तर घाटावर भेटू. मी हसलो. काशी केवढी मोठी आहे, म्हटलं कोण कुणाला भेटतंय.

गृध्रकूटाची वाट फरसबंदीची आहे, चढ फार नाही. बाजूला झुडपी रान, माकडं, डोलीवाले, आणि वर कुठंतरी परदेशी भिक्खूंचा एकसुरी घोष. त्या सकाळी धुकं होतं. नामदेव आपल्या सवयीनं भराभर पुढं निघून गेला. उत्तमनं या दिवसासाठी नवे कपडे शिवले होते — पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्रीचे. मीही पांढरा शर्ट आणला होता. पण तो पिशवीत होता. वर गेल्यावर घालतो, असं मी म्हणालो होतो. असं का म्हणालो असेन? तिथं मला ओळखणारं कोण होतं? सवय. दुसरं काय.

एका वळणावर मागून हाक आली, “अरे! तुम्ही इथं?”

मुळे सर आणि काकू. त्यांची बस काशी-गया करून राजगीरला आली होती. लोक गरम पाण्याच्या कुंडांवर गेले होते, सरांना डोंगर पाहायचा होता. आनंदानं त्यांनी माझा हात धरला. परमुलखात आपलं माणूस भेटल्यावर होतो तसा खरा आनंद.

आणि माझ्या शेजारी उत्तम उभा होता. मराठी बोलणं ऐकून त्याचे हात जुळायला लागले होते. तोंड उघडलं होतं. आता तो ‘जय भीम’ म्हणणार — मी त्याच्याकडं पाहिलं.

नुसतं पाहिलं. पण ते पाहणं त्यानं वाचलं. हात छातीपाशीच थांबले.

सरांनी त्याच्या कपड्यांकडं पाहिलं. “हा ड्रायव्हर का तुमचा? बीडहूनच गाडी केली वाटतं?”

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हीही सांगू शकता. एक वाक्य. हा माझा दोस्त आहे. एवढंही पुरलं असतं — जात सांगायचीही गरज नव्हती! हे मला फार नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा जास्त लागलं. ज्या गोष्टीला मी भ्यालो, ती त्या वाक्यात नव्हतीच.

मी गप्प राहिलो. उत्तम माझ्या तोंडाकडं बघत थांबला. मग तोच म्हणाला, “व्हय सर. साहेबांनी केलेल्या गाडीवर हाय मी.”

काकूंनी लगेच खांद्यावरची पिशवी काढून त्याला दिली. “धर रे बाबा एवढी. गुडघ्यानं जीव नकोसा झालाय.”

त्यांचेही गुडघे. त्यानं पिशवी घेतली.

मग आम्ही चढलो. सर आणि मी पुढं, मध्ये काकू, मागं उत्तम. सर बोलत होते, मी हो-हो करत होतो. मागं वळून पाहायची हिंमत नव्हती आणि पुढं चढायची इच्छा नव्हती. प्रत्येक वळणावर वाटे, आता सांगावं. पण जितका चढलो तितकं ते अवघड होत गेलं. खालीच का नाही बोललात, असं सरांनी विचारलं तर? खोट्याचा हाच गुण आहे — पहिली पायरी आपण टाकतो, पुढच्या आपोआप पडत जातात.

माथ्याजवळ चपला काढायची जागा आहे. सरांनी आपले बूट काढले, काकूंच्या चपला त्यांना नीट टेकवून ठेवल्या आणि उत्तमला म्हणाले, “लक्ष ठेव रे, माकडं नेतात.”

तो तिथंच बसला. चपलांपाशी. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून.

वर विटांची बुटकी भिंत, रंगीत पताका, फुलं, जळत्या मेणबत्त्या. सर मला समजावून सांगत होते की बुद्ध म्हणजे विष्णूचाच नववा अवतार. बाबासाहेबांनी आम्हाला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली एक नेमकी याच गोष्टीला नकार देते. ती मला दुसरीत असताना पाठ होती.

मी मान हलवली.

भिक्खूंच्या घोषात सरांना ऐकू गेलं नसावं, पण नामदेव एका कोपऱ्यातून ओरडला, “ए दिल्या! कुटं व्हतास बे? आन् उत्तम्या कुटं हाय?” मी ऐकलं नाही असं केलं. तो खाली वाकून बघायला गेला. चपलांपाशी बसलेला उत्तम त्याला दिसला. उत्तमनं तोंडावर बोट ठेवलं असावं, कारण नामदेव गप्प झाला. परत आला तो माझ्याकडं न बघता. मग एकटाच गुडघ्यावर बसून मोडकंतोडकं त्रिसरण म्हणू लागला, मध्येच अडकू लागला. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो दिला नाही.

खाली पाहिलं तर उत्तमही हात जोडून होता. चपला एका बाजूला, तो एका बाजूला, तोंड वर आमच्याकडं. ओठ हलत होते.

माझ्या खिशात मेणबत्ती होती. हात खिशातच राहिला.

उतरल्यावर सर-काकू त्यांच्या बसकडं गेले. काकूंनी उत्तमच्या हातावर दोन पेढे ठेवले. ते दिसेनासे झाल्यावर उत्तम हसला. “साहेब, पगार कवा देता?” थट्टेनंच म्हणाला, मला सुटल्यासारखं वाटावं म्हणून. नामदेव मात्र हसला नाही. परतीच्या गाडीत तो मला एवढंच म्हणाला, “साहेब, च्या घेता का?” तो मला अजून साहेबच म्हणतो. दिल्या म्हणत नाही.

इथं थांबलं असतं तरी मी कदाचित जगलो असतो. पण नांदूरघाटला पोचलो तर मावशी अंगणात बाजेवर बसून वाटच बघत होती. “लावलीस का रे, दिलीपा?”

पुन्हा तेच. आणि पुन्हा उत्तमच बोलला.

“लावली की. याच्याच हातानं. वारं लई व्हतं वर, तरी इझली न्हाई बघ.”

म्हातारीनं डोळे पुसले. पुढं तिनं ते सगळ्या गल्लीला सांगितलं — वाऱ्यात न विझलेली तिची मेणबत्ती. ती गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला लोकांनी तीच आठवण काढली. वंदना सांगायला मला उभं केलं होतं. मुसावादा वेरमणी — खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं शील. मी म्हटलं, सगळे मागं म्हणाले. उत्तमही म्हणाला. त्यानं आयुष्यात आईला थापा मारल्या असतील-नसतील, ही एक मात्र माझ्यासाठी मारली होती.

मेणबत्तीचं काय झालं? ती घरी टेबलाच्या खणात पडून होती. एकदा लाईट गेली तेव्हा बायकोनं तीच काढून लावली. मी तिच्या उजेडात जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी.

अलीकडंच मुळे सरांनी वरची खोली बांधायला काढली. ठेकेदारानं जो गवंडी आणला, तो उत्तम. सरांनी ओळखलं. “अरे, तू तर यांचा ड्रायव्हर!” मी माझ्या गॅलरीत होतो. उत्तमनं वर पाहिलंही नाही. “गाडी सोडली सर. नजर कमी झाली. आता हेच करतो.” तयारच होतं त्याच्याकडं. जणू इतकी वर्षं तो ते जपून होता, लागलं तर असावं म्हणून.

त्या दिवसापासून मी मागच्या दारानं ये-जा करू लागलो. स्वतःच्या घरात. परांचीवरून त्याला माझं अंगण दिसत असे. भिंतीवर थापीचा आवाज सुरू झाला की मी आतल्या खोलीत जाऊन बसे, कपाटापाशी.

रविवारी सरांनी हाक मारली, चहाला या. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. काकूंनी मला नक्षीचा कप-बशी दिली. कामगारांचे स्टीलचे ग्लास खिडकीच्या कठड्यावर वेगळे होते — प्यायचा, विसळायचा, पालथा घालायचा. बऱ्याच घरांत असतं तसं. उत्तम चहा पिऊन खाली वाकला, नळावर ग्लास विसळला, पालथा घातला आणि परत परांचीवर चढला. मी कप हातात धरून ते पाहिलं.

तेव्हा तोंड उघडलं. का तेव्हाच, मला सांगता येणार नाही. धैर्य आलं असं म्हणणार नाही. आत कोंडून घ्यायला आता खोली उरली नव्हती.

“सर, हा माझा ड्रायव्हर कधीच नव्हता,” मी म्हणालो. “उत्तम माझा दोस्त आहे. नांदूरघाटला आमची घरं एका गल्लीत आहेत. आम्ही बौद्ध आहोत. काशीला मी गेलोच नव्हतो. त्याच डोंगरासाठी गेलो होतो.”

सरांनी माझ्या हातातल्या कपाकडं पाहिलं. की मला तसं वाटलं? मग ते उठून आत गेले. रागावून, ओशाळून, की काकूंना सांगायला — मला माहीत नाही, आणि आता ते माझ्या हातात नाही.

वर थापी थांबली होती. “कावून आत्ताच सांगतूस बे?” उत्तम दबक्या आवाजात म्हणाला. “भिंत अर्धी हाय. दोन मानसं हायत माझ्या हाताखाली.”

बघा — सांगितलं तेही त्याच्या पोटावर पाय देऊन. त्याला विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

मी परांचीखाली जाऊन उभा राहिलो. वर पाहिलं. त्याचा शर्ट सिमेंटनं भरलेला होता.

“उत्तम,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी तुला चपलांपाशी बसवलं. मावशीची मेणबत्ती खिशातच ठेवली. आणि तिच्याशी तुला खोटं बोलायला लावलं. माझं चुकलं. मला माफ कर.”