थोरल्या मामांचा तांबडा बैल

भंडारा जिल्ह्यात मुलीसाठी मुलगा पाहावा तो आमच्या थोरल्या मामांनीच, हे मी कुठल्याही सभेत छातीठोकपणे सांगायला तयार आहे. मामांनी पसंत केलेला एकही जावई वाईट निघाला नाही. आता यातलं बारीकसं कारण असं की, मामांनी उभ्या हयातीत पसंत केले ते जेमतेम चार. नापसंत केलेल्यांची यादी करायला बसलं तर पवनीपासून तुमसरपर्यंत प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस सापडेल. त्यातले पुष्कळ जण पुढे सुखानं नांदले, काही सरपंच झाले, एक जण तर आमदारकीला उभा राहिला. मामांना त्याचं काही नव्हतं. "उभा राह्यला न? निवडून आला का?" एवढंच ते विचारायचे, आणि तो पडलेला असल्यामुळे आम्हाला गप्प बसावं लागायचं.

मामा एकोडीचे. गावच्या तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी आणि किती सोडायचं, हे त्यांच्याकडे होतं. धानाच्या बांध्या सुकायला लागल्या की सख्खे भाऊसुद्धा एकमेकांवर फावडी उगारतात. पण मामा तलावाच्या पाळीवर येऊन उभे राहिले की सगळे मुकाट्यानं आपापल्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसत. ज्याचा जेवढा हक्क तेवढं पाणी देऊन झालं की मामा तलावाचं तोंड बंद करायचे, आणि मग साक्षात त्यांची आई आली तरी उघडायचे नाहीत. आली होती ती एकदा. तिच्या गावातल्याच माहेरच्या शेताला पाणी कमी पडत होतं म्हणून आमची आजी भर उन्हात पाळीवर जाऊन उभी राहिली, आणि तशीच परत आली. त्यानंतर आठ दिवस मामांच्या ताटात वरण वाढलं गेलं नाही. मामांनी ते आठ दिवस कोरडा भात खाल्ला, पण पाणी सोडलं नाही. ज्या माणसाचा शब्द पाण्याच्या बाबतीत चालतो त्याचा सोयरिकीतही चालतो, असा आमच्याकडे समज होता. त्यामुळे लग्नसराई जवळ आली की नात्यातले, बिननात्यातले सगळे मुलींचे बाप मामांच्या ओसरीवर येऊन बसत.

मुलगा पाहायला जायची मामांची एक ठरलेली रीत होती. मुलाकडच्यांनी जो दिवस दिलेला असेल त्याच्या आदल्या दिवशी ते जायचे. धोतर, बंडी, काखेत छत्री. दारात उभं राहून विचारायचे, "आमचा तांबडा बैल इकडं आला का जी? कालपासून हरवला आहे." मग पाणी मागायचे. पाणी कोण आणतं, गडवा घासलेला आहे की नाही, काठोकाठ भरलाय की अर्धा, हे सगळं पाहायचे. काठोकाठ म्हणजे दिखाऊ घर, अर्धा म्हणजे कंजूस, आणि काठाला एक बोट कमी म्हणजे माणसं समजूतदार. ही युक्ती पहिली दोन-तीन वर्षं उत्तम चालली. पुढे तिचा इतका बोभाटा झाला की लग्नाचा मुलगा असलेल्या घरी छत्रीवाला माणूस बैल शोधत आला रे आला की आतल्या खोलीत चादरी बदलायला सुरुवात व्हायची. हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मामांना. लाखांदूरकडच्या एका चावट गृहस्थांनी तर "हा घ्या, सापडला," म्हणून गोठ्यातला एक तांबडा बैल सोडून त्यांच्या हातात दावं दिलं. आता नाही कसं म्हणायचं? मामा तो परका बैल घेऊन दोन कोस चालले, एका झाडाखाली बसून विचार केला आणि संध्याकाळी परत नेऊन दिला. म्हणाले, "हा आमचा नाही जी. आमच्यावाला जरा समजदार आहे." तो मुलगा अर्थातच नापसंत झाला.

दुसरी रीत उंचावर चढायची. मामा घर कधी खालून पाहत नसत. तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, ढीग म्हणा, घराचा माळा म्हणा, चिंचेचं झाड म्हणा, जे हाताशी असेल त्यावर चढून पाहायचे. "खालून सगळीच घरं मोठी दिसतात, बाबू," ते मला सांगायचे. "वरून पाहाचं. छपराचे कवेलू कुठी फुटले, मांगचं आंगण कसं आहे, सांडपाणी कोनाच्या दारात सोडलं, सारं दिसते." तुमसरच्या एका राइस मिलवाल्यांकडे ते असेच थेट गिरणीच्या छपरावर जाऊन बसले होते. खाली चहा निवत होता आणि मुलाचा बाप वर पाहून हात जोडत होता.

माझी बहीण शकू लग्नाची झाली आणि या विद्वत्तेचा आम्हाला घरचाच प्रसाद मिळू लागला. चार वर्षांत मामांनी नऊ मुलं नाकारली. ऐंशी साल उलटून गेलं, शकूला चोविसावं लागलं. आमचे बाबूजी तुमसरला शाळामास्तर. त्यांना शाळेत मुलांसमोर उभं राहायची लाज वाटत नव्हती, पण लग्नाच्या पंगतीत बसायची वाटायला लागली होती. तेवढ्यात पवनीच्या एका मुलाचं स्थळ आलं. मध्यस्थानं सांगितलं की मुलगा मुंबईला मोठ्या हॉटेलात असतो, आणि काम सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. "वरच्या मजल्यावर" हे ऐकून मामा एकदम खूश झाले. बाबूजींनी मात्र त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "हे दहावं आहे, भाऊ. आता यानंतर माह्या पोरीले कोनी विचारनार नाही." मामा त्या रात्री कमी जेवले. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन त्यांनी तुमसर रोड स्टेशनवरून मुंबईची गाडी धरली.

हॉटेल समुद्राकाठी होतं. एकवीस मजले. दारात तुरेवाला फेटा बांधलेला, मामांच्या दीडपट उंचीचा दरवान उभा होता. मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होतो, तोवर मामा छत्री सावरत पुढे झाले आणि त्यांनी आपल्या हिंदीत विचारलं, "भाईसाब, हमारा तांबडा बैल इधर आया क्या? कल से गुम गया है." मी आयुष्यात पुष्कळ वेळा शरमलो आहे, पण त्या संगमरवरी पायऱ्यांवर शरमलो तेवढा कधीच नाही. दरवान आधी आमच्याकडे, मग रस्त्याकडे पाहत राहिला. मग हसू आवरत त्यानं आतल्या टेलिफोनवर कुणाला तरी ही गंमत सांगितली, आणि आत जो तो ती दुसऱ्याला सांगू लागला. पाच मिनिटांत लिफ्टमधून एक सावळा, उंच मुलगा बाहेर आला. पांढरा सदरा, काळं जाकीट, गळ्यात काळी बो. तो सरळ मामांसमोर आला, वाकून त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामाजी, बैल वरतं आहे. चला."

मामांची युक्ती जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर पकडली गेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबाकडे पाहिलं. मग मामा त्याच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरले.

वर गच्चीवर काचेचं दालन होतं. दिवस मावळायला आला होता. खाली सगळी मुंबई पसरलेली, रस्त्याच्या कडेनं नुकतेच दिवे लागत होते, आणि पलीकडे समुद्र. एवढ्या उंचावर मामा कधी चढले नव्हते. ते काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बापा रे! एवढं पाणी, अन् एकही बांधी नाही." त्यानंतर ते वळले, आणि मुलाच्या पाठीमागच्या फळीवर ओळीनं लावलेल्या बाटल्या त्यांना दिसल्या. ते समजले. मीही समजलो. आमच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. बाबूजींच्या थोरल्या भावाचं मोहाच्या दारूनं वाटोळं झालं होतं. मी मामांचा हात धरून म्हणालो, "चला मामाजी, हे काही खरं नाही." मामांनी हात सोडवून घेतला. "थांब न. पाणी तर पिऊन घेऊ," ते म्हणाले आणि एका उंच स्टुलावर चढून बसले. पाय अधांतरी, मांडीवर छत्री. मुलानं पाणी दिलं. काठाला बरोबर एक बोट कमी. हे त्याला ठाऊक होतं म्हणून त्यानं मुद्दाम केलं असेल, असं मला वाटलं; पण मग तो सगळ्यांसाठीच तसं भरत होता हे आमच्या लक्षात आलं.

आम्ही तास-दीड तास तिथे बसलो. मुलगा काम करत होता. या बाटलीतलं थोडं, त्या बाटलीतलं थोडं, वर लिंबू, बर्फ, मग झाकणाच्या भांड्यात घालून खळाखळा हलवायचं. थेंब सांडत नव्हता. एका ग्लासात त्यानं कागदाची इवलीशी छत्री खोचली, तेव्हा मामांनी आपली छत्री उगाच जरा मागे सरकवली. मधेच त्यांनी विचारलं, "तू पितेस का?"

"चाखतो, मामाजी. चाखल्याबिगर जमत नाही. पीत नाही."

"घरी सांगतलं?"

मुलगा फडक्यानं ग्लास पुसत राहिला. "हॉटेल सांगतलं. हे नाही सांगतलं. भेव वाटते. तुमी जे पाह्यलं ते सांगा, माही ना नाही."

तेवढ्यात कोपऱ्यातले एक जाडजूड साहेब डुलत आले आणि आणखी एक मागू लागले. मुलगा नम्रपणे नाही म्हणाला. साहेबांचा आवाज चढला, त्यांनी टेबलावर हात आपटला, मालकाचं नाव घेतलं. मुलाचा आवाज तसाच राहिला. त्यानं त्यांच्यासमोर लिंबूपाणी ठेवलं, खुर्ची ओढून दिली, गाडी बोलवायला माणूस पाठवला, पण बाटलीला हात लावला नाही. साहेब शेवटी बसले आणि मुकाट्यानं लिंबूपाणी प्यायले. मामा स्टुलावर पुढे झुकून पाहत होते. खाली उतरल्यावर समुद्राकडे तोंड करून ते मला म्हणाले, "द्याले का, कोनालेही येते बाबू. बंद कराले मानूस लागते. पोरगा पसंत आहे."

परतीच्या प्रवासात मी त्यांना नागपूरपर्यंत विनवलं की बाबूजींना फक्त 'हॉटेल' सांगा, पुढचं हळूहळू कळेल. खिडकीबाहेर पाहत मामा म्हणाले, "आजवर लोकायनं माह्या डोळ्यानं पाह्यलं. आता डोळ्यात धूळ टाकू का?" तुमसरला आमच्या बैठकीत चार माणसांसमोर त्यांनी सगळं सांगितलं. बाटल्या सांगितल्या, बो सांगितली, ते डुलणारे साहेबही सांगितले. बाबूजींचा चेहरा पांढरा पडला. "नऊ चांगली पोरं नाकारली तुमी, अन् दारू वाटनाऱ्याच्या गळ्यात माही पोरगी बांधता?" मामा म्हणाले, "वाईट निघाला तर मी जबाबदार." बाबूजी ओरडले, "तुमचं ऐकूनच तर इथवर आलो!" तेवढ्यात आतल्या दाराशी उभी असलेली शकू म्हणाली, "मामाजीनं पाह्यलं न? मग मले चालते." आमची शकू तोवर लग्नाच्या विषयावर एक अक्षरही बोलली नव्हती.

लग्न झालं. शकूच्या पाठीशी मामा म्हणून मामाच उभे राहिले. बाबूजींनी अक्षता टाकल्या, पण मामांशी बोलणं टाकलं. गावोगाव झालं की थोरल्या मामांनी सख्ख्या भाचीला बारवाल्याच्या घरी दिलं. दुसऱ्या लग्नसराईत मामांच्या ओसरीवर एकही माणूस आला नाही. मी गेलो तेव्हा ते एकटेच सुपारी कातरत बसले होते. मी हळहळलो, तर माझी समजूत घालत म्हणाले, "बरं झालं बाबू. आता पाय दुखतात." पाय दुखत नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आपला माणूस असा रिकामा बसलेला पाहवत नाही.

पाच वर्षांनी मामा गेले. तोवर शकूला दोन मुलं झाली होती आणि जावयाच्या वागण्यात कुणालाही काडीचा दोष काढता आला नव्हता. बाबूजी मामांच्या तेराव्याला एकोडीला आले, खाली मान घालून जेवले आणि पहिल्या मोटारीनं परतले. शकूच्या घरी मात्र ते कधी गेले नव्हते. निवृत्त झाल्यावर एक दिवस अचानक मला म्हणाले, "मले मुंबईले घेऊन चाल."

जावयानं त्यांना हॉटेलच्या गच्चीवर समुद्रासमोरची खुर्ची दिली. दुपारची वेळ, दालन रिकामं होतं. त्यानं लिंबूपाणी आणून ठेवलं आणि आमच्या घरी आल्यावर राहायचा तसाच हात बांधून जरा मागे उभा राहिला. बाबूजींनी त्याला हाताला धरून समोर बसवलं. कितीतरी वेळ ते त्याच्याकडे पाहत होते, मुलाला पाहायला आल्यासारखे. मग डोळे पुसून माझ्याकडे वळले.

"चांगला आहे रे," ते म्हणाले. "तुह्या मामाले एवढं सांगाचं राहून गेलं."